चाळिसावा पाय

कृत्रिम पायांचा कारखाना सरकारी होता तेव्हा महिन्याला तीस पाय केले काय नि तीन केले काय, पगार तोच. मग निम्मे लोक पत्ते कुटत बसायचे आणि पाय मागायला आलेली माणसं कुबड्या टेकून बाकड्यांवर. सहा-सहा महिने! मिस्त्रीनं हे डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून खाजगी मालक येऊन पायागणिक पैसे सुरू झाले तेव्हा टाळ्या पिटणाऱ्यांत तोही होता. खिसे भरले, बाकडी रिकामी झाली. वाईट काय त्यात?

फक्त महिन्याला चाळीस पाय भरले पाहिजेत. सलग तीन महिने कमी पडले की घरी बसा. मिस्त्रीचे दोन महिने कमी पडले होते. आज तिसऱ्याचा शेवटचा दिवस, आणि चाळिसाव्या पायावर उभी होती एक टपाल वाटणारी बाई.

"मस्त बसलाय, दादा." तिचे डोळे भरून आले. "सही कुठं करू?"

सही झाली की पाय मोजला जायचा.

"जरा दारापर्यंत जाऊन या ना, ताई."

शेजारी पट्टे शिवणारा जाड्या खिदळला. "झाली ह्याची परेड सुरू! अरे, उभी आहे ना ती? सरकारी असतानाही तू असाच. आम्ही पत्ते पिसायचो, हा येडा लोकांची चाल बघत मागं चालायचा. तेव्हा कोण पैसे देत होतं तुला?"

"कोणी नाही."

"आणि आता?"

"आताही नाही. पैसे उभं राहण्याचे आहेत, चालण्याचे नाहीत."

दारापाशी बाई वळली तशी तिची कंबर नखभर खचली. तिला आज कळणार नव्हतं. महिनाभर जिने चढल्यावर मांडी बसते त्या वाटीची कड आत रुतली असती, जखम झाली असती आणि पाय कायमचा कपाटावर पडला असता.

सही घेऊन नंतर बोलवावं? आज बरं वाटलेलं माणूस परत येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि पन्नाशी उलटलेल्या मिस्त्रीला दुसरीकडे कोणी उभं करत नाही, हेही.

"काढा तो," तो म्हणाला. "वाटी नवी ओततो. उद्या दुपारी या."

तिचा चेहरा पडला. "उद्या नक्की ना?"

"नक्की."

पाच वाजता साहेब आला. "एकोणचाळीसच? मिस्त्री, तुम्हाला पैसे नकोत का? दर वाढवून देऊ?"

"वाढवा की! नको कोण म्हणतंय?"

जाड्या फिसकन हसला. साहेब हसला नाही. "मग सही का नाही घेतली? मला वर उत्तर द्यावं लागतं हो."

पैशांचं काही वाटत नाही म्हणावं, तर ते साफ खोटं.

"ती खचत होती, साहेब."

साहेबानं फळ्यावरचं मिस्त्रीचं नाव पुसलं. हळूच पुसलं, पण पुसलं. "उद्यापासून येऊ नका."

"परवापासून नाही येत. उद्या बाई येणार आहे."

"हजेरी लागणार नाही."

"नका लावू."

मिस्त्रीनं बाह्या सरसावल्या आणि प्लास्टरचं पोतं उघडलं. जाड्यानं पाण्याची बादली त्याच्याकडे सरकवली.