पुढचं दार

दमयंतीताईंचं काम 'कमी कौशल्याचं' असल्याचं व्हिसाच्या नव्या नियमांत वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. ख्राइस्टचर्चच्या एका वृद्धांच्या रेस्ट होममध्ये मी नर्स, ताई केअरगिव्हर. नर्सला या देशात कायमचं राहायची वाट मोकळी. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारीनं, घास भरवणारीनं मात्र तीन वर्षं झाली की देश सोडायचा आणि निदान वर्षभर परतायचं नाही. अपवादात बसण्याइतका पगार आमचं होम देईना. मी मॅनेजरशी भांडले, खासदाराला लिहिलं. काही उपयोग झाला नाही.

या सांगलीच्या बाईंचं कौशल्य काय, ते मी सांगते. त्या आल्या तेव्हा आमच्याकडे कुणी गेलं की लॉन्ड्रीशेजारच्या मागच्या दारानं गुपचूप बाहेर नेत. बाकीच्यांना त्रास नको म्हणून. ताईंना ते सहन झालं नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी मॅनेजरला सुनावलं, "ही माणसं पुढच्या दारानं आली. पुढच्याच दारानं जातील."

तेव्हापासून तशी रीतच पडली. ताई गेलेल्या माणसाचे केस विंचरायच्या, त्याच्या अंगावर आवडती शाल घालायच्या. ज्यांना उभं राहता येईल ते सगळे कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना उभे राहायचे. म्हातारे घाबरतील असं मला वाटलं होतं. उलट ते निवांत झाले. आपल्यालाही कुणी चोरासारखं बाहेर काढणार नाही, हे त्यांना कळलं होतं.

आणि तीन वर्षं भरल्यावर, शेवटच्या दिवशी, याच बाई स्वतः मागच्या दारानं सटकणार होत्या! "निरोप घेताना मला रडू येईल, त्यांचा दिवस कशाला खराब करू?" म्हणाल्या. मी मान डोलावली आणि तडक जॉइसला जाऊन सांगितलं. जॉइस म्हणजे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांतली सगळ्यात थोरली, निवृत्त हेडमिस्ट्रेस. तिचा शब्द मोडायची मॅनेजरचीही छाती नाही.

शिफ्ट संपल्यावर ताई लॉन्ड्रीकडे वळल्या, तर एक आजोबा दाराला व्हीलचेअर आडवी लावून पेपर वाचत बसलेले. ते काही केल्या हलेनात. ताई नाइलाजानं कॉरिडॉरमध्ये आल्या. दोन्ही बाजूंना वॉकर धरून सगळे उभे होते. मॅनेजरसुद्धा, मान खाली घालून.

ताई जागीच थबकल्या. मग डोळे पुसत हसल्या. "अगं अनुया, मी जिवंत आहे अजून."

मी ते इंग्रजीत सांगितलं. जॉइसनं त्यांचा हात धरला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "आमच्यातल्या कुणालाच हे बघायला मिळत नाही. तू नीट बघून घे."

ताईंनी एकेकाकडे नीट बघितलं. जाता जाता कुणाचं बटण लावलं, कुणाचा मोजा वर ओढला. मग त्या पुढच्या दारानं बाहेर पडल्या.

आमचं ते दार आपोआप मिटतं. बाहेर बोचरा वारा होता, तरी जॉइसनं आधाराला माझा दंड धरला आणि आपला वॉकर दारात आडवा लावून ठेवला.