विसावी जागा

वनशास्त्राची पदवी घेतल्यावर पुढे काय, या प्रश्नाला विभागाच्या माहितीपत्रकात अकरा उत्तरं छापलेली होती. घरातल्या दोघी बहिणींतल्या थोरलीने त्यातली सात करून पाहिली होती. आणि आता एकतिसाव्या वर्षी ती त्याच विभागाच्या व्हरांड्यात टेबल टाकून तेच पत्रक येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात देत बसली होती.

पहिलं उत्तर, वनाधिकारी. सात वर्षांत दोनदा जागा निघाल्या. पहिल्या वेळी लेखी परीक्षा थोडक्यात हुकली. दुसऱ्या वेळी ती पास झाली, चार तासांत सोळा किलोमीटर चालायची चाचणीही तिने दिली, पायांची दोन नखं काळीनिळी करून घेतली, मुलाखतही झकास झाली. मग पेपर फुटल्याचं निघालं आणि सगळी भरतीच रद्द झाली. पुन्हा जाहिरात येईतो तिची तिशी उलटली होती आणि वयाची अट तिशीची होती.

दुसरं उत्तर, पुढचं शिक्षण. एम.एस्सी.ला ती विभागात पहिली आली. वर्गात चौघंच होती, तेव्हा त्याचं फार कौतुक नको. तिसरं, संशोधन. तीन वर्षांचा प्रकल्प सात महिन्यांत गुंडाळला गेला आणि तिने रोज मोजलेली रोपं पाण्यावाचून वाळली. प्लायवूडच्या कारखान्यात लाकडाची पारख करायला म्हणून घेतलं आणि गोंदाच्या ड्रमांवर चिठ्ठ्या डकवायला बसवलं. रोपवाटिकेच्या मालकिणीला झाडांची शास्त्रीय नावं सांगणारी नको होती, कुंड्या उचलणारी हवी होती. मग एक सल्लागार कंपनी. रस्त्यात जाणारी झाडं मोजायचं काम होतं. थोरलीने सहाशे बारा मोजली, अहवालात दोनशे चाळीस आली. तिने का म्हणून विचारलं आणि पुढच्या महिन्यापासून तिला बोलावणं बंद झालं.

सातव्या उत्तराचं नाव भारदस्त होतं, शहरी हरित व्यवस्थापन. नाव मोठं नि लक्षण खोटं. कचेऱ्यांना कुंड्या भाड्याने द्यायच्या आणि आठवड्यातून दोनदा जाऊन पाणी घालायचं. वर्षभराने मालकाने खऱ्या झाडांऐवजी प्लास्टिकची आणली. त्यानंतर आठ महिने थोरली ओलं फडकं घेऊन प्लास्टिकची पानं पुसत होती, आणि पुसताना कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून लिफ्टऐवजी जिन्याने जात होती.

अशा वेळी विभागप्रमुखांचा फोन आला. मुलं त्यांना पाठीमागे 'शिसम' म्हणायची. केस काळेभोर रंगवलेले, पाठ ताठ आणि बोलणं कायम पॉलिश मारल्यासारखं. त्यांनी तिला केबिनमध्ये बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं.

"हे बघ, व्यवस्थापनाने आम्हाला शेवटची संधी दिली आहे. या शुक्रवारी पाचपर्यंत वीस प्रवेश झाले तर विभाग राहतो. एकोणीस झाले तरी बंद. या इमारतीत हॉटेल मॅनेजमेंट येणार, त्यांनी पडद्यांची मापंसुद्धा घेऊन ठेवली आहेत."

"मी काय करू सर?"

"टेबलावर बस. तुझ्यासारखी हुशार मुलगी समोर दिसली की पालकांना धीर येतो. विभाग राहिला तर एक निदेशकाची, म्हणजे शिकवण्याची, जागा भरायची आहे. तुझं पत्र टाइप करून ठेवलंय. फक्त तारीख घालायची बाकी आहे."

त्यांनी ड्रॉवर उघडून पत्र दाखवलंही. तिचं नाव होतं, हुद्दा होता, खाली सही होती. तारखेच्या जागी मोकळं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, ही तर चांगली फळी होती. थोरली दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच टेबलावर हजर झाली.

चार दिवसांत तिला एक विद्या आली. ती खोटं बोलत नसे. फक्त "मिळते" म्हणायच्या ठिकाणी "मिळू शकते" म्हणत असे. "वनाधिकारी होता येतं का?" "होता येतं ना, परीक्षा असते." परीक्षा किती वर्षांनी असते हे कुणी विचारत नव्हतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा तिला पगार नव्हता. तसा अजून कशाचाच नव्हता. वर भिंतीवर माजी विद्यार्थ्यांचे सहा फोटो होते. त्यातल्या एकाचं टायरचं दुकान होतं आणि एकीने लग्न करून झाडांना रामराम ठोकला होता, हे थोरलीला माहीत होतं. पालक फोटो बघून मान डोलवत. तीही डोलवी.

येणारी मुलं बहुतेक इतर ठिकाणांहून उरलेली. कुणाला आठ ठिकाणी नकार आलेला, कुणाला वाटत होतं की या कोर्सात वाघ बघायला मिळतात आणि परीक्षा कमी असतात. दुरून डोंगर साजरे, आणि जंगल तर डोंगराहूनही साजरं. थोरलीला त्यांचं फारसं वाईट वाटलं नाही. जिथे जातील तिथे ती तशीच राहणार होती. गुरुवारी संध्याकाळी आकडा एकोणीस झाला.

घरी आईने शेजारच्या काकूंना आधीच सांगून टाकलं होतं की थोरली प्राध्यापक झाली. आईची जीभ तशी धारदार. गेल्याच महिन्यात ती म्हणाली होती, "झाडांचं शिकलीस आणि झाडासारखी एका जागी उभी राहिलीस." त्यावर थोरली दोन दिवस जेवली नव्हती. आता तीच आई कपाटातून तिचा चांगला ड्रेस काढून इस्त्री करत होती. बाबा, आयुष्यभर टपाल कचेरीत पत्रं वेगळी करण्यात गेलेले, तिचं नाव कसं दिसेल ते वर्तमानपत्राच्या कडेला लिहून बघत होते. खाली हुद्दा लिहीत होते.

"बाबा, अजून एक जागा बाकी आहे," थोरली म्हणाली.

"एकच ना?" धाकटी म्हणाली. ती बँकेत होती आणि गेली तीन वर्षं घर तिच्यावर चाललं होतं. ते ती कधी बोलून दाखवत नसे, म्हणून थोरलीला ते जास्त लागत असे. "एक तर कुणीही येईल गं ताई. नाहीतर मीच येते प्रवेश घ्यायला."

सगळे हसले. थोरलीही हसली. तिला ती नोकरी इतकी हवी होती की हसतानाही ती मनात एकोणीसच मोजत होती.

शुक्रवारी साडेअकराला एक मुलगी आणि तिची आई टेबलापाशी आल्या. आई एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुणारी, हातांची कातडी पांढरी पडून सोललेली. मुलगी सतरा-अठराची, काखेत एक फुगलेली वही.

"हिला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला जागा मिळाली आहे," आई म्हणाली. "आमच्याच हॉस्पिटलचा कोर्स आहे. दोन वर्षांनी तिथेच घेतात. आज संध्याकाळपर्यंत फी भरायची. पण हिचं मन इथे अडकलंय. म्हटलं, विचारून तरी बघू."

मुलीने वही उघडून टेबलावर ठेवली. त्यात त्यांच्या रस्त्यावरची त्रेचाळीस झाडं होती. प्रत्येक झाडाला एक पान, पानावर खोडाचा घेर, मोहोर कधी आला, पानगळ कधी झाली, कोणत्या फांदीवर वीज मंडळाने कुऱ्हाड चालवली. काही पानांवर तिरकी रेघ मारून 'तोडलं' असं लिहिलेलं. घेर दर वर्षी एकाच उंचीवर मोजलेला होता. कुणी न शिकवता तिला हे सुचलं होतं. थोरलीला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत कुणी असं काम करताना दिसलं नव्हतं, स्वतःखेरीज.

ती एकेक पान उलटत गेली. विसावी, तिच्या मनात आलं. हीच विसावी. तोंडातून "प्रवेश घे" एवढे दोनच शब्द काढायचे होते. ही मुलगी बाकीच्या एकोणीसजणांसारखी नव्हती, हिला तर समजवायचंही नव्हतं.

"मॅडम," मुलीने विचारलं, "तुम्ही इथेच शिकलात ना? तुम्ही आता काय करता?"

चार दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. थोरलीने पेनाचं टोपण काढलं, लावलं. वर शिसमच्या केबिनचं दार बंद होतं.

"प्लास्टिकची पानं पुसत होते," ती म्हणाली. "त्याआधी ड्रमांवर चिठ्ठ्या लावत होते. सध्या मला नोकरी नाही."

आईचे हात टेबलाखाली गेले.

"परीक्षा सात वर्षांत दोनदा झाली," थोरली सांगत सुटली, आणि एकदा सुटल्यावर तिला थांबवेना. "पुढे शिकलीस तर अजून दोन वर्षं जातील आणि उत्तर हेच राहील. माझ्या वर्गातलं कुणीही झाडांचं काम करत नाही. लॅबची जागा घे. झाडं कुठे जात नाहीत, रविवारी मोज. तुझी वही चांगली आहे. माझ्या पदवीपेक्षा चांगली आहे."

आईने खोल श्वास सोडला. "मी हेच म्हणत होते, मॅडम. तुम्ही खरं बोललात, देव तुमचं भलं करो." मुलीने वही उचलली. तिचे डोळे भरले होते, आणि ते थोरलीवर रागाने भरले होते.

दोघी गेल्या. थोरलीला पाच मिनिटं फार बरं वाटलं, इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग पाच मिनिटं संपली. इस्त्री केलेला ड्रेस आठवला, बाबांचं वर्तमानपत्र आठवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बारा वाजले, एक वाजला. एक मुलगा आला आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून गेला. तीन वाजता दोन माणसं टेप घेऊन आली आणि व्हरांड्याची लांबी मोजू लागली. एकाने तिला टेबल जरा सरकवायला सांगितलं. तिने सरकवलं.

पावणेपाचला शिपाई आला. "सरांनी बोलावलंय. वीस झाले."

केबिनमध्ये शिसम उभे राहून चहा पीत होते. त्यांनी पत्र तिच्या हातात दिलं. तारीख निळ्या शाईने घातलेली होती, सोमवारपासूनची.

"अभिनंदन. एक वर्षाचं आहे, पुढच्या वर्षी पुन्हा वीस झाले की पुढे वाढेल."

विसावं कोण आलं, असं विचारावं असं तिला वाटलं. प्रश्न अगदी ओठांवर आला होता. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. तिने आभार मानले, पत्र घडी न करता पिशवीत ठेवलं आणि घरी गेली. आईने ते दोनदा वाचायला लावलं. बाबा चष्मा पुसायला म्हणून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. धाकटीने तिला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "सुटलो गं ताई." सुटलो, सुटलीस नव्हे. तेव्हा थोरलीला कळलं की धाकटी किती दमली होती. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

सोमवारी सकाळी ती वर्गात शिरली तर पहिल्या बाकावर ती मुलगी बसली होती. वही समोर होती. शुक्रवारचा राग कुठल्या कुठे गेला होता, चेहरा नुसता उजळला होता. ती उठून टेबलापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मी आले."

"लॅबची जागा?" थोरलीने विचारलं.

"सोडली. शुक्रवारीच लेखी देऊन टाकलं, मग साडेचारला इथे फी भरली."

"मी तुला सांगितलं होतं ना?"

"हो. आम्ही फाटकापर्यंत गेलो होतो. तिथे सर भेटले. आई त्यांना म्हणाली, तुमच्याच मॅडमना नोकरी नाही, त्यांनी स्वतः सांगितलं. तर सर आम्हाला मागच्या जिन्याने केबिनमध्ये घेऊन गेले. म्हणाले, मॅडम फार सरळ आहेत, त्यांना अजून माहीतच नाही. त्यांनी ड्रॉवरमधून तुमचं पत्र काढलं, आमच्यासमोर त्यावर तारीख घातली." मुलगी हसली. "तुमचं पत्र बघितलं आणि मग आई हो म्हणाली. म्हणाली, खरं बोलणाऱ्या बाईलाही इथे नोकरी लागते, म्हणजे जागा चांगली आहे."

एकोणीस तोंडं तिच्याकडे बघत होती. थोरलीला वाटलं, सांगून टाकावं. पोरी, तू प्रवेशाची सही केलीस म्हणून ते पत्र लागू झालं, नाहीतर तो नुसता कागद होता. जा, अजून धावत जा, हॉस्पिटलमध्ये पाया पड, जागा कदाचित राहिली असेल. पण ती गेली तर एकोणीस राहत होते.

"छान केलंस," थोरली म्हणाली. "जागेवर बस." आणि तिने हजेरी घ्यायला सुरुवात केली.