मॅचच्या दिवशी रिव्हर्स नाही

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा पिवळीधमक होते, आता अंगावर गंजच जास्त आहे. बेरेगोव्स्कच्या फुटबॉल मैदानामागे, भिंतीला नाक लावून मी उभी आहे. पुढे वाट नाही. बाहेर पडायचे तर मागेच यावे लागेल, आणि मला मागे घ्यायला कोणालाही सवड नाही. माझ्या बोलण्यात कडवटपणा जाणवला तर जाणवू दे.

लाकूड कापायच्या गिरणीच्या फुटबॉल संघासाठी मला घेतले. तिखोन माझा ड्रायव्हर. डिझेल आणि सुके मासे, असा दुहेरी वास असलेला भला माणूस. पुढे अर्काडी पोर्फिरिच प्रशिक्षक म्हणून आले. तरुणपणी त्यांचा गुडघा मोडला आणि खेळ सुटला. मग सायबेरियापासून काळ्या समुद्रापर्यंत गावोगावचे संघ त्यांनी सांभाळले आणि प्रत्येक गावाने त्यांना कधी ना कधी नारळ दिला. "प्रशिक्षकाने बॅग पूर्ण उघडायची नसते, तिखोन," ते म्हणायचे. पण इथे त्यांनी ती उघडली. त्यांच्या बायकोने, झिनाईदाने, गावाबाहेरच्या जमिनीच्या तुकड्यात बटाटे लावले, काळ्या बेरींची झुडपे लावली. माणूस रुजला असे मला वाटले.

त्यांचा एक नियम होता. मॅचच्या दिवशी बसने मागे जायचे नाही. आमच्याकडे बरेच संघ हा नियम पाळतात, पण आमच्याइतका कडक कोणी पाळत नसेल. मागे गेले की नशीबही मागे जाते म्हणे. निघण्यापूर्वी सगळे मिनिटभर गप्प बसत, मग तिखोन मला सुरू करी. वळायला जागा नसली तर आम्ही अर्ध्या जिल्ह्याला वळसा घालत असू. हसू नका. त्याच वर्षांत आम्ही वरच्या श्रेणीत चढलो! त्या संध्याकाळी लोकांनी माझ्या बॉनेटचे मुके घेतले, बायकांनी खिडक्यांतून कोबीचे सारण भरलेले गरम पिरोश्की आत दिले, आणि कप्तान रोदिओन टपावर चढून नाचला. या रोदिओनला अर्काडी पोर्फिरिचनी वीटभट्टीवरून उचलून आणले होते. तो त्यांना बापाच्या जागी मानायचा. निदान तसे सांगायचा तरी.

मग पडते दिवस आले. चांगले खेळाडू मोठ्या शहरांनी उचलले. गिरणीचे नवे अध्यक्ष सरळ म्हणाले, "संघ खाली घसरला, तर तुम्हीही सामान बांधा."

हंगामाचा शेवटचा सामना शेजारच्या गावात होता. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो. बर्फ वितळून रस्त्यांचा नुसता राडा झाला होता. तिखोनने मला एका गल्लीत घातले, आणि टोकाला पाहतो तर काय, जमिनीखालची गरम पाण्याची पाइपलाइन दुरुस्त करायला आडवा चर खणून ठेवलेला!

"मागे घेतो. दोन मिनिटांचं काम," तिखोन म्हणाला.

"खबरदार, काका!" रोदिओन ओरडला. "गिअरला हात लावलास तर बघ! आज मॅच आहे!"

"रिव्हर्स नको! रिव्हर्स नको!" मागून सगळी पोरे ओरडू लागली.

अर्काडी पोर्फिरिचनी घड्याळ पाहिले. "ऐका रे. मैदान लांब आहे, पाय भिजतील. नियम माझाच आहे, मीच मोडतो. काय व्हायचं ते माझ्या माथी."

"मोडू नका, अर्काडी पोर्फिरिच! चालत जाऊ की! आम्ही काय साखरेचे आहोत?" असे म्हणत रोदिओनने स्वतः दार ढकलले आणि पहिली उडी चिखलात मारली. त्याच्यामागे सगळे उतरले. शेवटी अर्काडी पोर्फिरिच, दुखरा गुडघा ओढत.

ते जेमतेम वेळेवर पोहोचले. अंग मोकळे करायलाही वेळ उरला नाही. शेवटच्या क्षणाला एक गोल खाल्ला आणि आम्ही घसरलो.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष मैदानावर आले आणि माझ्याच दारापाशी सगळ्यांना उभे करून त्यांनी विचारले, "पोरांना चिखलातून चालवलं कोणी?"

"म्हाताऱ्याचं खूळ, दुसरं काय," रोदिओन म्हणाला. "आम्ही सांगत होतो, गाडी मागे घ्या. ऐकतंय कोण?"

बाकीची पोरे बुटांकडे पाहत राहिली. मला कंठ असता तर मी किंचाळले असते. तिखोनने तोंड उघडले, पण अर्काडी पोर्फिरिचनी त्याचा दंड धरला. "गप्प बस. तुझं पेन्शन जवळ आलंय." मग ते अध्यक्षांना म्हणाले, "मीच उतरवलं त्यांना." रोदिओनकडे त्यांनी एकदाच पाहिले. रोदिओन तेव्हा सिगारेट पेटवत होता. आठवड्याभरात तोच प्रशिक्षक झाला.

त्यांना स्टेशनवर सोडायला तिखोनने मला कोणाला न विचारता नेले. अर्काडी पोर्फिरिच पहिल्या सीटवर बसले, शेजारी झिनाईदा, मांडीवर बेरींच्या मुरंब्याच्या बरण्या. रिवाजाप्रमाणे तिघे मिनिटभर गप्प बसले. त्यांच्या घराच्या अंगणाच्या तोंडाशी कोणाची तरी मोटार आडवी उभी होती. मागच्या बाजूने तेवढी वाट होती. तिखोनचा हात गिअरवर अडखळला.

"घे मागे, तिखोन," ते म्हणाले. "आज मॅच नाहीये."

तिखोन रडत होता. मी मागे गेले.

आता संघाला नवी बस आहे. गेल्या रविवारी ती माझ्यापासून हाकेच्या अंतरावर फाटकात अडकली. आतून रोदिओनचा आवाज आला, "मागे घेऊ नकोस! आज मॅच आहे!" आणि सगळी पोरे त्याच्याबरोबर ओरडली.

मित्रांनो, माझी डागडुजी करा, मला रंग द्या, असे काही मी मागत नाही. एवढेच करा. दहाजणांत ओरडला असाल, तर दुसऱ्या दिवशी कोणी विचारल्यावर म्हणा, "मीही ओरडलो होतो." त्या सकाळी माझ्या दारापाशी एकाने जरी एवढे म्हटले असते, तर अर्काडी पोर्फिरिचना बॅग पुन्हा भरावी लागली नसती.