हळर्णचं लाईटवालं घर

माझा भाऊ सिद्धेश फोनवर "येतंय गो, येतंय" म्हणाला, की समजायचं हा काही येत नाही. तरी मी त्याच्यावर विसंबले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

मागितली होती एक संध्याकाळ. त्याने म्हापशाहून यायचं, आईजवळ तासभर बसायचं, चहा प्यायचा, परत जायचं. तेवढ्यात मी आमच्या हळर्णच्या किल्ल्यावर जाऊन धूमकेतू बघून येणार होते. हजारो वर्षांनी आलेला पाहुणा तो. सूर्य बुडाला की थोडा वेळ पश्चिमेला दिसणार, आणि दोन-चार दिवसांत तेवढाही नाही. आमच्या घरासमोर माडांची रांग आहे, अंगणातून पश्चिम दिसतच नाही. किल्ल्यावरून मोकळी दिसते, आणि तिथेच 'काळोख'वाले जमणार होते.

'काळोख' हा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप, आकाश बघायचं वेड असलेल्या माणसांचा. डिचोलीचे कृष्णनाथ सर ॲडमिन, म्हापशाची सेजल, आणखी काही जण. कुणाला शनीची कडी दिसली, कुणाकडे ढग आले, असं आम्ही रोज बोलतो. पण यातल्या एकालाही मी कधी भेटले नव्हते. ते कुठे कुठे जमतात, फोटो टाकतात, मी घरात बसून लाईकचा अंगठा टाकते. मला घर सोडता येत नाही, कारण आई.

आईचं डोकं आता चालत नाही. सकाळी मला ओळखते, दुपारी "तू कोणाची गो?" म्हणून विचारते. मागे एकदा एकटीच नदीकडे चालत गेली, तेव्हापासून मी तिला नजरेआड करत नाही. एक गोष्ट मात्र ती विसरत नाही. संध्याकाळचा पोदेर, म्हणजे पाववाला, हॉर्न वाजवत गेला, की "तिनसांज झाली" म्हणून उठते आणि सगळ्या लायटी लावते. सोप्यावरची, तुळशीपुढची, विहिरीवरची, परसातली, सगळ्यांची बटणं घरातच. तिन्हीसांजेला घर काळोखात दिसलं तर लक्ष्मी दारावरून परत जाते म्हणे. आणि मी तिथेच अंगणात दुर्बीण घेऊन उभी. लग्नाच्या मांडवात कसले डोंबलाचे तारे दिसणार? रोज ओरडते, "आई, बंद कर गो त्या लायटी. तुझ्या पाया पडते, बंद कर." ती माझ्याकडे बघते आणि राहिलेली लाईट लावते.

त्या दिवशी पोदेर येऊन गेला, लायटी लागल्या, आणि सिद्धेशचा फोन आला. "ताई, जरा अडाकलंय. उद्या बघूया गो." मी फोन कट केला. बोलले असते तर शिव्याच आल्या असत्या. ग्रुपवर सेजलचा मेसेज, "विनिताताई, आम्ही पोचलो. तुमच्याच गावात आलो आणि तुम्हीच नाही?" किल्ला घरापासून चालत दहा मिनिटं. मी रडकुंडीला आले, खरंच. सगळं जग कुठे कुठे फिरतंय, आणि मला दहा मिनिटांवर जायची चोरी.

आईला आत नेलं, टीव्ही लावला, हातात बिस्किटं दिली. मग बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं. असं कधीच केलं नव्हतं. चावी मुठीत धरून पळत सुटले.

कृष्णनाथ सर आवाजावरून वाटले होते त्याहून बरेच बुटके निघाले. सेजलने तर मिठीच मारली. मला मिठी मारून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक, मी जरा वेळ तशीच उभी राहिले. आनंद झाला होता मला, उगीच नाही कशाला म्हणू.

"या या, पटकन या," सर म्हणाले. "पण ते खालचं घर बघा. सगळा उजेड डोळ्यांवर येतो."

"लग्न आहे की काय तिथे?" सेजल वैतागली होती. "ताई, तुमच्या गावातलंच ना? कुणाचं आहे?"

खाली माडांपाशी आमचं घर झगझगत होतं. "नाही बाई, मला ठाऊक नाही," मी म्हटलं.

सरांनी दुर्बिणीपाशी मला जागा करून दिली. मी वाकणार, इतक्यात सेजल म्हणाली, "अगोबाई, देव पावला." विहिरीवरची लाईट गेली होती. मग परसातली. मग तुळशीपुढची, मग सोप्यावरची. गावात इतरांकडे लायटी होत्या, फक्त ते एक घर गेलं. "आत्ता कसं!" म्हणत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी दुर्बीण सोडून खाली पळाले. आई तिन्हीसांजेला लाईट बंद करील? शक्यच नाही. "ताई, अहो, बघून तर जा," सर मागून ओरडले. मी वळूनही बघितलं नाही. तिला शॉक लागला असेल, पडली असेल, काय काय मनात आलं ते सांगवत नाही.

अंगणात मिट्ट काळोख. कुलूप उघडताना चावी दोनदा खाली पडली. दार ढकललं तर ते कशालातरी अडलं. आई दाराला टेकून खाली बसली होती. टीव्हीसुद्धा बंद.

"सगळ्यो लायटी बंद केलंय गो," ती म्हणाली. "परत लावूचंय नाय. आता सोड माका."

मी तिला पोटाशी धरलं. रडले, तिची माफी मागितली, तिला काही कळलं असेल असं वाटत नाही. मग उठून सोप्यावरची लाईट लावली. ती भिंत धरत धरत आली आणि तिने ती बंद केली.

"आई, असू दे गो. तिनसांज आहे, लावूया."

"नको," ती म्हणाली. "तू परत कुलूप घालतलंस."