नेव्हिलची मध्यंतरं

ग्लेनिसने कॅसेट पुन्हा मागे नेली आणि कान स्पीकरला टेकवला. बासरी, मग ऑर्गन, मग ड्रमचा गडगडाट, मग टाळ्या. त्या टाळ्यांत कुठेतरी एखादी हाक, एखादं "वा", गेला बाजार एखादा खोकला तरी सापडेल म्हणून ती श्वास रोखून बसली होती. टाळ्या विरल्या आणि पुन्हा बासरी सुरू झाली.

समोरच्या खुर्चीतून तिच्या नवऱ्याने, रोलंडने, पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पाटी तिच्याकडे वळवली. ‘त्यात मी नाही.’

"तू गप्प बस," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तिने जीभ चावली.

रोलंडचे खांदे हलले. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्याचं हसणं एवढंच उरलं होतं. ऑपरेशन इतक्या घाईघाईत उरकावं लागलं की आधी आवाज साठवून ठेवण्याचं कोणाला सुचलंच नाही. आता इस्पितळातल्या मिस ओकोरोंनी एक यंत्र देऊ केलं होतं. टाइप केलं की ते बोलायचं. त्यातला तयार आवाज त्यांनी ऐकवला, तेव्हा रोलंडने पाटीवर लिहिलं होतं, ‘हा बातम्या देणारा मला माझ्या घरात नको.’ मिस ओकोरो समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, "मग तुमचा जुना आवाज शोधून आणा. थोडा वेळ नीट बोललेला असला तरी पुरे. यंत्र तुमच्याच आवाजात बोलेल."

घरी येताना ग्लेनिस खुशीत होती. आवाजाला काय तोटा? सगळा माळा कॅसेटींनी भरलेला. ‘मॉथ कॅथीड्रल’ या बँडचा उत्तर इंग्लंडातला क्वचितच एखादा कार्यक्रम रोलंडने चोरून ध्वनिमुद्रित करायचा सोडला असेल. त्याच्या फिती जपानपर्यंत गेल्या होत्या. विकायची नाही, फक्त अदलाबदल करायची, हा त्या लोकांचा धर्म. आणि दुसरा नियम असा की यंत्र चालू असताना मुद्रण करणाऱ्याने तोंडातून हूं की चूं करायचं नाही. टाळीसुद्धा वाजवायची नाही. रोलंडने तो नियम असा पाळला की दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जगाचा आवाज त्याच्याकडे होता, त्याचा स्वतःचा तेवढा नव्हता. लग्नाची फिल्म मुकी. मोबाइल आला तरी शूटिंग करणारा हाच, आणि शूटिंग चालू असताना तोंडाला कुलूप.

तिनेही पाळलाच होता तो नियम. मुद्रणाचं यंत्र तिच्या पर्समध्ये लपवलेलं असायचं आणि पर्स तिच्या मांडीवर. एकेक गाणं असं लांब की तेवढ्यात चहा उकळून, गाळून, गारही व्हावा. तिला ते संगीत मुळीच आवडत नसे. तिचा जीव नाचाच्या गाण्यांत. पण प्रेमात पडलेली मुलगी काय काय गिळते! तिने हे रोलंडला कधी सांगितलं नाही, आणि चाळीसहून जास्त वर्षं उलटल्यावर सांगण्यात अर्थही उरला नव्हता.

तिने यंत्र बंद केलं. रोलंड खिडकीतून बाहेर बघत होता. हल्ली तो पाटीसुद्धा क्वचितच हातात घेई. सकाळी ओटकेकवर, त्या ओटच्या धिरड्यावर, चीज घालू का विचारलं तर नुसती मान हलवायची. हे असंच चाललं तर हा माणूस घरात असून नसल्यासारखा होईल, याची तिला खरोखर भीती वाटू लागली होती.

"नेव्हिलकडे असेल," ती म्हणाली.

रोलंडने पाटी उचलली. ‘नाही.’ आणि त्याखाली रेघ ओढली. मग आणखी एक.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाते म्हणून ती बाहेर पडली आणि नेव्हिल राहायचा त्या बर्स्लेमच्या बसमध्ये बसली.

नेव्हिल सॉल्टही मुद्रण करायचा, पण त्याच्याइतका गबाळा मुद्रक त्या पंथात दुसरा नसेल. एकदा बटण दाबलं की कॅसेट संपेपर्यंत तो यंत्र बंद करत नसे. मध्यंतर, रांगेतली भांडणं, बसथांब्यावरच्या गप्पा, सगळं त्यात. चाहत्यांच्या पत्रिकेत रोलंड सगळ्यांच्या फितींना श्रेणी देत असे. नेव्हिलच्या एका फितीला त्याने सर्वांत खालची श्रेणी दिली आणि शेरा मारला, ‘संगीत अधूनमधून, नेव्हिल अखंड.’ सगळे पोट धरधरून हसले. नेव्हिलने अदलाबदल सोडली आणि रोलंडचं दारही. तेव्हापासून दोघे दुकानात समोरासमोर आले तरी डबाबंद वाटाण्यांकडे बघत पुढे जायचे.

नेव्हिलने दार उघडलं. तो बराच वाळला होता, पण जिभेची धार तशीच होती.

"अरे वा! कॅथीड्रलची राणीसाहेब! पर्स आणलीस का?"

"आणलीये. आत घेशील की दारातच उभी करशील?"

चहा झाला, बिस्किटं झाली. ग्लेनिसने काय झालं ते सांगितलं. नेव्हिलने कप खाली ठेवला.

"मला कोणी कळवलं नाही."

"तुला कोण कळवणार? तुम्ही दोघं तर वाटाण्यांशी बोलता."

"म्हणजे आता माझी बडबड कामाची झाली. तो स्वतः का नाही आला?"

"त्याला बोलता येत नाही, नेव्हिल."

"लिहिता येतं ना? तेव्हा तर झकास लिहिलं होतं."

"मी आलेय," ग्लेनिस म्हणाली. "त्याला ठाऊक नाही. कळलं तर नाकाला मिरच्या झोंबतील. पण मला त्याचा आवाज हवाय. घर नुसतं खायला उठतं रे."

नेव्हिल उठून आतल्या खोलीत गेला. पलंगाखालून पत्र्याचे डबे ओढल्याचा आवाज आला. येताना त्याच्या काखेत एक डबा आणि हातात धूळ खाल्लेलं यंत्र होतं.

"हॅन्लीचा व्हिक्टोरिया हॉल," तो म्हणाला. "मध्यंतर. मी अधूनमधून ऐकतो."

"मध्यंतर ऐकतोस?"

"गाणी काय, रेकॉर्डवर मिळतात. आपण सगळे परत एकत्र कुठे मिळणार होतो?"

त्याने बटण दाबलं. खुर्च्यांची खडखड, कोणाचं तरी हसणं. आणि मग अगदी जवळून, हॅन्लीच्या हेलात, एक तरुण आवाज: "नेव्हिल, बंद कर ते! अर्धी कॅसेट खाल्लीस. आपली बडबड कोणाला ऐकायचीय?"

ग्लेनिसचा हात तोंडावर गेला. आवाज तोच होता. ‘र’ जरा ओढून बोलायची खोडही तीच.

"ग्लेनिस कुठाय?" कॅसेटमधल्या नेव्हिलने विचारलं.

"आइस्क्रीम आणायला गेलीये."

"तिला आवडतं का रे हे आपलं?"

"छे! नाचाच्या गाण्यांत जीव आहे तिचा. पण दोन-दोन तास पर्स मांडीवर घेऊन बसते, शिंकसुद्धा येऊ देत नाही. अशी पोरगी मला दुसरी मिळायची नाही. लग्नाचं विचारणार आहे मी तिला."

"मग सांग ना तिला, तुला ठाऊक आहे म्हणून."

"वेडा का खुळा? मग ती यायची बंद होईल की!"

दोघं खो खो हसले. मग तिचाच आवाज आला, कोवळा, तिला स्वतःला न ओळखू येण्यासारखा: "कशाला हसताय रे? धरा, वितळतंय."

ग्लेनिस खुर्चीत ताठ बसली होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडाने शिव्या.

"लबाड! एक नंबरचा लबाड! माहीत होतं आणि मला जन्मभर बसवलं!"

"तूही बसलीसच की," नेव्हिल म्हणाला आणि रुमाल शोधू लागला. रुमाल सापडला नाही, तेव्हा त्याने तिला टेबलावरचं भांडी पुसायचं फडकं दिलं.

डबे न्यायला दोन माणसं हवी होती, म्हणून बसमध्ये नेव्हिलही चढला.

दार रोलंडनेच उघडलं. नेव्हिलला बघून त्याचा हात दाराच्या कडेवर घट्ट झाला. नेव्हिल उंबऱ्याबाहेर डबे छातीशी धरून उभा होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला शब्द सुचत नव्हता. रोलंड आत वळला. आता हा दार लावून घेणार, असं ग्लेनिसला वाटलं. पण तो पाटी घेऊन परत आला आणि उभ्याउभ्याच लिहू लागला. बराच वेळ लिहिलं, बोटाने पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाटीवर एवढंच राहिलं: ‘मी वाईट लिहिलं होतं.’

"वाईट नव्हतं रे," नेव्हिल म्हणाला. "खरं होतं, तेच झोंबलं. आता बाजूला हो, हात भरून आलेत."

यंत्र तयार होऊन आलं तोवर नेव्हिलच्या फेऱ्या दर आठवड्याच्या झाल्या होत्या. त्या सकाळी मात्र घरात दोघंच होती. रोलंडने तो बोलका टॅब्लेट मांडीवर घेतला आणि एकेक अक्षर शोधत टाइप करू लागला. ग्लेनिस शेगडीपाशी पाठ करून उभी राहिली.

"ग्लेनिस," मागून तो पंचविशीतला आवाज म्हणाला. "तुझं नाचाचं एखादं गाणं लाव की."

ती वळली नाही. वळली असती तर रडू फुटलं असतं, आणि आज तिला रडायचं नव्हतं. कपाटाच्या तळाशी कित्येक वर्षं न वाजलेली तिची एक रेकॉर्ड होती. तिने ती पुसली, तबकडी फिरवली, सुई टेकवली. ट्रम्पेट वाजले, ढोलकं घुमलं, आणि तिचे पाय तिला न विचारताच हलू लागले. स्वयंपाकघराच्या फरशीवर सत्तरीची बाई एकटीच गिरक्या घेत होती. रोलंड बघत होता. मध्येच त्याने मान खाली घातली आणि त्याची बोटं पडद्यावर चालू लागली.

गाणं संपायला आलं होतं, तेवढ्यात जन्मभराचा नियम मोडून तो भर गाण्यात बोलला.

"फारच लहान गाणं आहे हे."

"मग पुन्हा लावते," ग्लेनिस म्हणाली.