आईच्या पट्टीतली गाणी

टिल्ली पुढे बापाच्या खांद्याच्याही वर गेली, तरी तिचं नाव टिल्लीच राहिलं. ते बदलायचं कुणाच्या मनातच आलं नाही. ही गोष्ट ती एकवीस वर्षांची होती तेव्हाची. तेव्हा गाणी कॅसेटवर निघायची. नव्या कॅसेटचं पातळ प्लॅस्टिक नखाने फाडलं की आतून जो वास यायचा, तो तिला आजही डोळे मिटले की येतो.

तिचे बाबा फ्रीज दुरुस्त करायचे. पण टिल्लीच्या जन्माआधी त्यांचा तिघांचा बँड होता. बाबा ड्रम वाजवायचे, आई गायची आणि तिसरे होते वायरकाका. ते गिटार वाजवायचे, स्पीकर जोडायचे, बिघडलं तर उघडायचे आणि पुष्कळदा बिघडलं नसलं तरी उघडायचे. गळ्यात कायम वायरींचं भेंडोळं, म्हणून वायरकाका. टिल्ली सहा वर्षांची असताना आई गेली. बाबांनी ड्रम माळ्यावर टाकले ते पुन्हा काढले नाहीत. काकांनी मात्र एका लॉन्ड्रीच्या मागची खोली घेतली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि स्टुडिओ उघडला.

टिल्ली मोठी झाली ती त्या खोलीत. लॉन्ड्रीचं मोठं मशीन सुरू झालं की भिंत थरथरायची. त्यामुळे रेकॉर्डिंग व्हायचं दुपारी, लॉन्ड्रीवाली मावशी जेवायला घरी जायची तेवढ्या वेळात. मावशी जाताना दारावर थाप मारून ओरडायची, "बंद केलं गं! गा आता!" आणि टिल्ली गायची. साबणाच्या वाफेचा वास, गादीतून डोकावणारा कापूस, काचेपलीकडे मान हलवणारे काका. यापेक्षा सुखाची जागा जगात असेल असं तिला तेव्हा वाटत नसे.

"अजून थोडं वर," काका म्हणायचे. "घाबरू नकोस. तुझी आई इथे हसत हसत जायची."

टिल्ली टाचा उंचावून वर जायची. माइकही आईचाच होता.

अशी चार गाणी झाली. बाबांनी ती ऐकली आणि पाना हातात तसाच धरून स्वयंपाकघरात बसून राहिले. "हुबेहूब," एवढंच म्हणाले. मग उठून नळ सोडून तोंड धुतलं. त्या दिवशी टिल्लीला आकाश ठेंगणं झालं होतं.

त्या चार गाण्यांची टेप एका कॅसेट कंपनीत पोचली. तिथल्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "आवाज आहे तुझ्यात. कॅसेट काढू आपण. गाणी बसवून घेणारा प्रोड्युसर तू निवड, पण या महिन्याच्या आत सांग. आणि नीट निवड, पहिली कॅसेट एकदाच निघते."

निवडायचं काय त्यात? काकांशिवाय दुसरं कुणी तिच्या डोक्यातही नव्हतं.

टिल्ली तेव्हा एका मोठ्या दुकानात नोकरी करायची. चार मजली दुकान होतं ते, आणि तिचं काम लाउडस्पीकरवर सूचना देण्याचं. कुणाचं पोर हरवलं, कुणाची गाडी आडवी लागली, सगळं तीच सांगायची. एके दिवशी तिच्या काचेच्या खोलीच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. आखूड कापलेले पांढरे केस, हातात नवी कोरी उशी.

"निळी छत्री विसरल्याचं आत्ता तू सांगितलंस?"

"हो. तुमची आहे का?"

"नाही. मी उशी घ्यायला आले होते. आवाज ऐकला आणि जिन्यातच थांबले. गातेस का?"

टिल्लीने सांगितलं, गाते, आणि कॅसेटही निघणार आहे. बाई हसल्या आणि आपलं नाव सांगितलं. टिल्ली खुर्चीवरून ताडकन उठली. घरातल्या निम्म्या कॅसेटच्या मागे बारीक अक्षरात, प्रोड्युसर म्हणून, तेच नाव छापलेलं होतं.

दोन दिवसांनी ती बाईंच्या स्टुडिओत गेली. दातांच्या दवाखान्याच्या वरचा मजला, स्वच्छ, शांत, खिडकीत एक मरतुकडं झाड. बाईंनी तिची चारही गाणी ऐकली. पूर्ण ऐकली, मध्ये कुठेही टेप थांबवली नाही.

"छान आहेत," मग म्हणाल्या. "कोण आहे ही?"

"म्हणजे? मीच."

"तू दुकानात बोलत होतीस. ही वेगळी आहे. ही तुझ्यापेक्षा वरच्या पट्टीत गाते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी जरा लाजते. तू लाजरी वाटत नाहीस मला."

टिल्लीने आईबद्दल सांगितलं, माइकबद्दल सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, तिच्यापुढे चहा ठेवला आणि त्यातलंच एक गाणं तीन पट्ट्या खाली घेतलं.

"आता गाऊ नकोस. छत्री हरवली आहे, तेवढंच सांग मला."

पहिल्यांदा टिल्लीला हसू आलं. दुसऱ्यांदा आवाज घशातच अडकला. सातव्यांदा तिच्या छातीतून काहीतरी जाड, खरखरीत, ओळखीचं बाहेर आलं. ती स्वतःच दचकली. तिने टाचा उंचावल्या नव्हत्या. दोन्ही पाय जमिनीवर होते.

बाईंनी ती टेप तिच्या हातात दिली. "घरी ऐक. मग ठरव. मी फोन करणार नाही."

संध्याकाळी बाबा टेबलावर फ्रीजचा थर्मोस्टॅट उघडून बसले होते. टिल्लीने काही न सांगता टेप लावली. अर्धं गाणं झालं तेव्हा बाबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बरी गाते. कोण आहे?"

टिल्लीने आवाज वाढवला. बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग टेपकडे, मग पुन्हा तिच्याकडे. हातातला स्क्रू घरंगळत खाली गेला.

"तू आहेस?"

"मी आहे, बाबा."

बाबा वाकून स्क्रू शोधू लागले. टेबलाखालूनच म्हणाले, "यात ती नाहीये."

"नाहीये."

"काकाच्या गाण्यांत ती असते." बाबा वर आले. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "मी पंधरा वर्षं तुला तीच समजून ऐकत आलो की काय गं?"

टिल्लीला रडू आलं. रडता रडता तिला कळलं की तिचं ठरलंय, आणि हे काकांना सांगण्यापेक्षा घसा कायमचा बसलेला परवडला.

दुसऱ्या दिवशी ती दुपारीच काकांकडे गेली. काकांनी नवी गादी ठोकली होती, खास कॅसेटसाठी. ती ठोकताना अंगठ्याला लागलं होतं, त्यावर पट्टी होती. "बघ, आता मशीन चालू असलं तरी ऐकू येणार नाही," ते कौतुकाने म्हणाले. टिल्लीने सगळं एका दमात सांगून टाकलं, कारण मध्ये थांबली असती तर पुढे बोलली नसती. मग बाईंची टेप त्यांच्यापुढे ठेवली.

काकांनी ती कानात प्राण आणून ऐकली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा रिवाइंड केली, पण लावली नाही.

"मी तुझ्यावर अन्याय केला का?"

"असं नका म्हणू, काका. गायला तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं." ते आईच्या माइकची जाळी पुसू लागले. "ती गेल्यावर तुझ्या बाबाने ड्रम वर टाकले. मला असं काही वर टाकता आलं नाही. तू आठ वर्षांची असताना या माइकसमोर पहिल्यांदा गायलीस, आणि मला वाटलं, आली परत." ते थांबले. "जा. बाईंना सांग, माइक जरा लांब ठेवत जा. तू 'प' म्हणताना थुंकतेस."

बाहेर मावशीचं मशीन सुरू झालं. नव्या गादीतूनही ते स्पष्ट ऐकू येत होतं. दोघांनीही ते ऐकू न आल्यासारखं केलं.

बाईंकडे काम सोपं गेलं असं नाही. एकेका ओळीसाठी दोन दोन दिवस जायचे आणि टिल्ली दवाखान्याच्या जिन्यात दात दुखणाऱ्या पेशंटांशेजारी बसून रडायची. पण कॅसेट निघाली आणि चालली. दुकानातल्या मैत्रिणींनी ती चारही मजल्यांवर दिवसभर लावली, मॅनेजर ओरडेपर्यंत. बाबांनी ती कामावर न्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांच्या स्वयंपाकघरात, उघड्या फ्रीजसमोर बसून ते मुद्दाम गुणगुणायचे, म्हणजे कुणीतरी विचारावं.

काकांचा मात्र पाच महिने काही पत्ता नव्हता. टिल्ली दोनदा गेली, दोन्ही वेळा खोलीला कुलूप. मावशी म्हणाली, "आत्ता तर होते." मग एका सकाळी फोन वाजला.

"दुसऱ्या गाण्यात बेस कमी आहे," नमस्कार नाही, काही नाही. "तुझ्या बाईने कानात बोळे घातले होते का?"

"काका!"

"अजूनही आहे. मी लिहून काढलंय. तेवीस चुका आहेत. येतेस?"

ती तशीच, ओल्या केसांनी धावत गेली. काकांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला यादी केली होती, गाण्यागणिक, मिनिट-सेकंदासकट. संध्याकाळपर्यंत दोघं भांडत बसले. अकरा चुका तिने मान्य केल्या, बाकीच्यांसाठी काकांनी तिला ढ म्हटलं.

पुढे ती पाच कॅसेट गायली, मग सीडी आल्या, मग त्याही गेल्या. प्रत्येक वेळी कॅलेंडरच्या पाठीवर यादी यायची. शेवटची यादी काकांच्या थरथरत्या हातची होती, फक्त चार ओळींची, आणि चौथी ओळ तिला कधी वाचता आली नाही. विचारायचं राहून गेलं.

आता तिचं नवीन गाणं आलं की माणसं भरभरून सांगतात, छान झालंय, फार छान झालंय. ती सगळ्यांना मनापासून थँक्यू म्हणते. मग घरी येऊन एकटीच ते गाणं लावते आणि कागद घेऊन बसते. दोन-तीन चुका तिला सापडतात. तेवीस काही सापडत नाहीत.