दोन मिलिमीटर आखूड

बाबांच्या दाढेचं रूट कॅनाल वर्षापूर्वी मीच केलं होतं. "पुरे झाले तुझे फोटो!" म्हणून ते तेव्हा करवादले आणि मी मुळाच्या लांबीचं माप घेणारा एक्स-रे टाळला. आता तीच दाढ ठणकत होती. मुळातलं माझं भरण टोकाच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबलं होतं. स्वतःचाच असा संताप आला!

जुनं भरण उकरून काढलं, मुळात बारीक सुई घातली आणि एक्स-रे घेतला. सुई जरा कमी पडत होती. ती थोडी पुढे सरकवून पुन्हा घेतला. तरी कमीच.

"अगं, माझ्या लग्नातही एवढे फोटो काढले नव्हते!"

"बाबा, तोंड उघडा. माप मिळाल्याशिवाय मी सोडणार नाही."

तिसऱ्या एक्स-रेत सुई हवी तिथे पोचली. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या बाबांनी पडद्यावरचे जुने-नवे दोन्ही फोटो निरखले.

"मागचं आखूड झालं होतं?"

"हो. तुम्ही घाई केलीत म्हणून..."

"गिऱ्हाईक घाई करतंच गं. म्हणून मी कधी अंदाजाने कापड कापलं?"

माझी मान खाली गेली. बाबा खुर्चीत पुन्हा मागे रेलले.

"खात्रीचा अजून एक काढ," म्हणाले आणि त्यांनी आपणहून तोंड उघडलं.